घरचा उष्णोदकाचा हौद

आपल्या घरांत दिवसाचा आरंभ स्नानानें होतो. मुंज झालेल्या बटूपासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत कोणासही सकाळीं विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे "अंघोळ झाली कां?" हाच. असें असूनही स्नान म्हणजे अंगावर चार तांबे ओतून मोकळें होणें, एवढाच अर्थ आपण धरून चालतों. शुद्धीच्या दृष्टीनें तेवढें पुरेसें आहे. परंतु ऊन पाण्याचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो पाणी ओतून साधत नाहीं. त्यासाठीं पाण्यांत बसावें लागतें. कंबर, मांड्या व गुडघे पाण्याखालीं ठेवून दहापंधरा मिनिटें स्वस्थ बसणें हें केवळ स्नान नव्हे, ती शरीराची शुश्रूषा आहे. अशा बैठकीसाठीं घरांत एखादा लहानसा हौद असावा काय, असल्यास तो कोणासाठीं, आणि वापरावा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

'हॉट टब' हा शब्द हल्लीं शहरांतील हॉटेलांच्या जाहिरातींतून वाचावयास मिळतो, आणि तो वाचतांच विचारी गृहस्थाच्या कपाळास आठी पडते. चारपांच माणसें मावतील एवढें टाकें, त्यांत फेसाळत फिरणारें ऊन पाणी, हा सारा थाट पाहून ही श्रीमंतांची चैन होय असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या वस्तूचें मूळ शोधूं लागल्यास तें एका आजारी मुलाच्या अंथरुणापाशीं सांपडतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत जकूझी नांवाच्या इटालियन बंधूंचा पंप तयार करण्याचा कारखाना होता. त्यांपैकीं कँडिडो यांच्या केनेथ नांवाच्या लहान मुलास संधिवातानें ग्रासलें. इस्पितळांत खेळत्या ऊन पाण्यांत बसविलें म्हणजे त्याला आराम पडे. पण घरीं तशी सोय नव्हती. तेव्हां बापानें आपल्याच धंद्यांतील विद्या वापरून घरच्या टबांत सोडतां येईल असा पंप तयार केला. ही गोष्ट १९४८ च्या सुमाराची. पुढें १९६८ मध्यें त्याच घराण्यांतील रॉय जकूझी यांनीं पंप आंतच बसविलेला टब बाजारांत आणला, आणि मग त्यास चैनीचें रूप चढलें. मूळ वस्तु मात्र मुलाच्या दुखण्यानें कासावीस झालेल्या बापाची आहे, हें विसरूं नये.

आपल्याकडे तर ही कल्पना फारच जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय स्वेदाचा. अग्नीच्या साहाय्यानें करावयाचे तेरा स्वेद त्यांत सांगितले असून 'अवगाह' हा त्यांतलाच एक होय. वातहर औषधींचा काढा, दूध, तेल, तूप किंवा नुसतें ऊन पाणी यांनीं भरलेल्या कोठींत रोग्यास बसविणें, याचें नांव अवगाह. आमच्या मतें त्याच अध्यायांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वेद कोणास देऊं नये याची लांबलचक यादी चरकानें दिली आहे, आणि तींत गर्भिणी, मद्यपी, अतिसारी व मधुमेही यांचा स्पष्ट निर्देश आहे. हृदय व नेत्र यांस उष्णतेपासून जपावें, असेंही तेथें बजावलें आहे. वाग्भटानेंही अष्टांगहृदयांत हाच विवेक केला आहे. ऊन पाणी कंबरेखालील अंगास बल देतें, पण तेंच मस्तकावर घेतल्यास केस व डोळे यांस अपाय करितें, असें त्याचें म्हणणें. म्हणजे ऊन पाणी चांगलें कीं वाईट, असा सरधोपट प्रश्न आपल्या पूर्वाचार्यांनीं विचारलाच नाहीं. कोणास, कोठें आणि किती, एवढेंच त्यांनीं विचारलें.

हें ज्ञान पोथ्यांतच राहिलें असेंही नाहीं. निसर्गानें जेथें जेथें ऊन पाण्याचे झरे दिले, तेथें तेथें आपल्या लोकांनीं कुंडें बांधून त्यांस तीर्थाची प्रतिष्ठा दिली. ठाण्याकडील तानसा नदीच्या कांठचीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडें, रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वर तालुक्यांतील तुरळ व राजवाडी, जळगांव जिल्ह्यांत चोपड्याजवळचें उनपदेव, हीं ठिकाणें अनेकांनीं पाहिलीं असतील. आम्हां वैदर्भीयांस जवळचें म्हणजे पैनगंगेच्या परिसरांतील, किनवट तालुक्यांतलें उनकेश्वर. त्वचेचीं व सांध्यांचीं दुखणीं घेऊन कित्येक पिढ्या लोक तेथें जात आले आहेत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें मानावा; परंतु दुखऱ्या गुडघ्याला ऊन पाण्यांत बरें वाटतें, हा अनुभव मात्र श्रद्धाळूला येतो तसाच नास्तिकालाही येतो.

आमचा वर्धा जिल्हाही जलोपचारास अपरिचित नाहीं. आम्ही राहतों त्या पवनारास धाम नदीच्या कांठीं १९३८ मध्यें विनोबा आले, ते प्रकृति ढासळल्यामुळेंच. थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याऐवजीं त्यांनीं येथील विश्रांति पत्करली, आणि येथेंच त्यांची प्रकृति सुधारली. येथून कांहीं मैलांवरच्या सेवाग्रामांत महात्माजींचा माती व पाणी यांच्या उपचारांवर केवढा भरवसा होता हें सर्वश्रुत आहे. लाइपझिग येथील लुई कूने या जर्मन उपचारकाचें कटिस्नान त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांनाच स्वतःवर करून पाहिलें होतें. १९४२ मध्यें आगाखान महालांतील बंदिवासांत आरोग्यावर जें छोटें पुस्तक त्यांनीं लिहिलें, त्यांतही पाण्याच्या उपचारांस स्वतंत्र जागा दिली. पुढें १९४६ मध्यें त्यांच्याच प्रेरणेनें पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. कूनेचें कटिस्नान थंड पाण्याचें, आणि आमचा विषय ऊन पाण्याचा, हा भेद खरा. तथापि घरचें साधें पाणी व एक साधें टाकें एवढ्यानें गरिबालाही उपचार करतां यावा, ही दृष्टि दोहोंत समान आहे.

आतां पाण्यांत बसल्यानें शरीरांत होतें तरी काय, तें पाहूं. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेंतील मुलांस पाठ असतो, पण तो आजीच्या गुडघ्यासही लागू पडतो हें कोणी त्यांस सांगत नाहीं. कंबरभर पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्माच भार येतो. पाणी गळ्यापर्यंत आलें तर तो एकदशांशाच्या आसपास उरतो. बसलेल्या माणसाचे सांधेही असेच भारमुक्त होतात. जमिनीवर जो गुडघा वांकत नाहीं, तो पाण्यांत हळूहळू वांकूं लागतो. दुसरें काम उष्णतेचें. तिनें त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायु सैल पडतात व वेदना कांहीं काळ मंदावते. तिसरा लाभ झोपेचा. ऊन पाण्यामुळें हातापायांकडे रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि बाहेर आल्यावर त्याच वाटेनें शरीरांतील उष्णता निघून जाऊन आंतील तापमान थोडें उतरतें. शरीर झोपीं जातांना स्वभावतः हेंच करीत असतें. अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनीं पूर्वींचे अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१९ मध्यें असा निष्कर्ष काढला कीं, निजण्यापूर्वीं एकदोन तास आधीं ४० ते ४२॥ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यानें दहा मिनिटें स्नान केलें तरी झोप सरासरी दहा मिनिटें लवकर लागते. रात्रभर कूस बदलीत पडणाऱ्या वृद्धास या दहा मिनिटांची किंमत विचारावी. मात्र झिजलेला सांधा यानें पूर्ववत् होतो, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. हा उपाय आरामाचा आहे, रोगाचें मूळ काढण्याचा नव्हे.

येथवरचें सर्व मान्य केलें तरी एक प्रश्न उरतो, आणि तोच आमच्या मतें मुख्य आहे. घरांतील ऊन पाणी मिळतें कोणास? जुन्या वाड्यांतील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें चटकन् उमजेल. वरच्या नरसाळ्यांतून एक बादली थंड पाणी ओतावें, तेव्हां तोटींतून एक बादली ऊन पाणी बाहेर यावें, अशी त्याची रचना. पहिल्या दोघातिघांस कढत पाणी मिळे. त्यास विसण घालावें लागे. पुढें पुढें तें नुसतें ऊन, मग कोमट, आणि शेवटच्या माणसाच्या वाट्यास नांवापुरतेंच. हा शेवटचा माणूस कोण असे? कचेरीस जाणारे आधीं, शाळेचीं मुलें त्यांच्यामागून, पाहुणे मध्येंच. पहांटे उठून ज्या बाईनें बंब पेटविला, विहिरीचें पाणी शेंदून तो भरला, तीच शेवटीं उरे. बाळंतपणांतील न्हाणें सोडलें, तर शेकाचें पाणी तिच्या अंगाला क्वचितच लागे. त्याच बाया आज सत्तरीऐंशीच्या घरांत आहेत, आणि ज्या गुडघ्यांनीं त्या घागरी वाहत होत्या ते गुडघे आतां दुखत आहेत. घरांत हौद बांधावयाचा तर तो या दृष्टीनें बांधावा. मग ती चैन राहत नाहीं, जुन्या ऋणाची फेड होते.

आमच्या न्हाणीघरांत चार वर्षांपूर्वीं असा हौद बांधविला. त्याचें मोजमाप येथें देतों, कारण पुष्कळांचा उत्साह 'एवढें पाणी आणावयाचें कोठून आणि तापवावयाचें कशानें' या एका शंकेनें मावळतो. विटा व सिमेंट यांचा हा हौद आंतून साडेतीन फूट लांब व दोन फूट रुंद आहे. बसल्यावर पाणी सव्वा फूट चढतें, म्हणजे बेंबीच्या थोडेसें वर येतें. बसणाऱ्या माणसानें अडविलेली जागा वजा केली तर पाणी सुमारें दोनशे लिटर लागतें. तळास घसरूं नये म्हणून खरबरीत शहाबादी फरशी घातली आहे. एका बाजूची कड वीतभर रुंद ठेविली असून तीवर आधीं बसावें, मग एकेक पाय आंत सोडावा. धरून उठण्यासाठीं भिंतींत लोखंडी दांडी पक्की बसविली आहे, आणि तळाशीं मोठ्या तोंडाची बुचाची मोरी ठेविली आहे.

आतां हिशेब पाहा. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे टाकींतील पाणी साधारण २० अंशांचें असतें. दोनशे लिटर पाणी ४० अंशांपर्यंत नेण्यास चार हजार किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या एका युनिटापासून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज खर्चीं पडते. वीस लिटरांच्या एका बादलीस अर्धें युनिटही पुरत असल्यामुळें एक हौद म्हणजे दहा बादल्या, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. परंतु छपरावर सोलर असेल तर हा खर्चही वांचतो. सोलरचें ६० अंशांचें शंभर लिटर पाणी आणि टाकींतलें २० अंशांचें शंभर लिटर एकत्र केलें कीं ४० अंशांचें दोनशे लिटर पाणी तयार. चौथीच्या मुलानेंही सोडवावें असें हें गणित आहे. पाणी वायां जाऊं नये म्हणून आम्ही हौदांत साबण वापरीत नाहीं. मोरीचा पाट परसांतील केळी व अळू यांकडे काढून दिला आहे. तरीही दहा बादल्या त्या दहा बादल्याच. म्हणून हा हौद नित्याच्या स्नानासाठीं नव्हे. कार्तिकापासून माघापर्यंत, ज्याला गरज आहे त्यानें आठवड्यांतून दोनदां वापरावा, हेंच योग्य. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर जातो आणि विहिरी तळ गांठतात, तेव्हां आमचा हौद कोरडाच असतो.

हौद ज्यांच्यासाठीं बांधविला त्या आमच्या वडील भावजय. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. घरांतील सर्वजण त्यांस मोठी आई म्हणतात. बांधकाम पुरें झाल्यावर त्यांनीं तें एकवार न्याहाळलें आणि म्हणाल्या, "मी काय म्हैस आहे, डबक्यांत बसायला?" यावर आमची धाकटी सून म्हणाली, "मोठी आई, म्हैस सुखांत असते म्हणून तर उठत नाहीं. तुम्ही दहा मिनिटें बसून तर बघा." दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. सांचलेल्या पाण्यांत बसणें म्हणजे आपलाच मळ अंगास लावून घेणें. तें स्नान कसलें? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, आणि त्याचें उत्तर जपानी लोकांनीं पूर्वींच देऊन ठेविलें आहे. ते बाहेर साबणानें अंग स्वच्छ धुऊन मगच ऊन पाण्याच्या टाक्यांत उतरतात. टाकें मळ काढण्यासाठीं नसून बसण्यासाठीं असतें. मात्र तेथें एकाच पाण्यांत घरचीं सर्व माणसें क्रमानें बसतात, तें आम्ही घेतलें नाहीं. आमच्याकडे एका माणसामागें पाणी सोडून दिलें जातें.

मोठी आईंचे गुडघे बरे झाले काय? नाहीं, आणि होणार नव्हतेच. परंतु हौदाच्या दिवशीं संध्याकाळीं त्या कोणाचा हात न धरतां दोन पायऱ्या उतरून तुळशीपाशीं दिवा लावतात, आणि त्या रात्रीं पहांटेपर्यंत त्यांस जाग येत नाहीं. आणखी एक लाभ असा झाला कीं जो आम्हीं योजिलाच नव्हता. त्या आंत असतां दाराबाहेर कोणीतरी बसावयाचें, हा आमच्या घरचा नियम. बहुधा नात बसते. ती बाहेरून विचारते, त्या आंतून सांगतात. माहेरच्या गोष्टी, लग्नांतले रुसवेफुगवे, दुष्काळांतले दिवस. भरल्या घरांत सुद्धां वृद्ध माणसाशीं पंधरा मिनिटें निवांत बोलावयास कोणास सवड असते? ती सवड या हौदानें मिळवून दिली.

आतां इशारे. लाभांपेक्षां हे अधिक लक्षपूर्वक वाचावे. पाणी ३८ ते ४० अंशांचें असावें; त्यापेक्षां अधिक कढत नको. उष्णतामापक नसल्यास दुसऱ्या धडधाकट माणसानें कोपर बुडवून पाहावें. मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे त्यांस भाजल्याचेंही कळत नाहीं. चरकानें मधुमेह्यास कां वगळलें याचा अर्थ येथें लागतो. हृद्रोगी, रक्तदाबाचीं औषधें घेणारे व ज्यांस वारंवार घेरी येते अशा माणसांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून हौदांत उतरूं नये. गर्भवतीनें, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अंगाचें तापमान वाढेल अशा ऊन पाण्यांत बसूंच नये. ओली बाळंतीण, ज्वर असलेला व अंगावर उघडी जखम असलेला माणूस यांसही हें वर्ज्य. भरल्या पोटीं बसूं नये. एक पेला पाणी पिऊन उतरावें. कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवावी. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बसणें नको. उठतांना घाई करूं नये, कारण रक्तदाब उतरलेला असल्यामुळें एकदम उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी येते. जपानांत हिवाळ्यामध्यें दरवर्षीं हजारों वृद्ध स्नानाच्या टाक्यांत दगावतात. थंड खोलींतून कढत पाण्यांत एकाएकीं उतरणें हें त्याचें एक मोठें कारण मानतात. म्हणून न्हाणीघर आधीं उबदार करावें, आंतून कडी लावूं नये, आणि वृद्धास एकटें सोडूं नये.

तापविण्याच्या साधनांतही धोके आहेत. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरांत लावल्यास त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायु सांचूं शकतो; तो गीझर बाहेरच असावा. विजेची कांडी पाण्यांत असतां माणसानें पाण्यास हातही लावूं नये. आणि ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें काम होतांच हौद रिकामा करून त्यावर फळी टाकावी. एवढासा जीव वीतभर पाण्यांतही बुडतो.

कित्येकांस वाटेल, एवढें करावयाचें तर बाजारांतला पंपाचा तयार टबच कां घेऊं नये? ज्यांस परवडतो त्यांनीं घ्यावा. परंतु त्याची निगा हें रोजचें काम आहे, हें जाणून घ्यावा. त्यांतील पाणी दररोज बदलीत नाहींत; तें गाळून, क्लोरिन घालून पुन्हा पुन्हा वापरतात, आणि ऊन पाण्यांत क्लोरिन लवकर संपतें. निष्काळजीपणा झाला तर कोमट पाण्यांत लिजिओनेला नांवाचे जंतु वाढतात व फवाऱ्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसांत शिरतात. १९९९ मध्यें हॉलंडांत बोव्हनकार्सपेल येथील फुलांच्या प्रदर्शनांत असा एक टब नुसता दाखविण्यासाठीं चालूं ठेविला होता. त्यांत कोणी बसलें नव्हतें. केवळ जवळून गेलेले लोक आजारी पडले, आणि निदान बत्तीस माणसें प्राणास मुकलीं. भरावा, बसावें, सोडून द्यावा, घांसावा आणि कोरडा ठेवावा, असा आपला साधा हौद या भयापासून पुष्कळच दूर आहे.

ज्यांस हौद बांधण्यास जागा अथवा ऐपत नाहीं, त्यांनीं माळ्यावरचें मोठें घंगाळ खालीं काढावें. स्टुलावर बसून गुडघ्याखालीं पाय त्यांत सोडले व वरून ऊन पाण्यांत पिळलेला पंचा गुडघ्यांवर ठेविला, तरी पायांचा शीण जातो, आणि त्यास दोन बादल्या पाणी पुरतें. मुद्दा टाक्याच्या आकाराचा नाहीं. घरांत ज्या माणसानें आजवर सर्वांच्या शेवटीं स्नान केलें, त्याच्यासाठीं पाणी आधीं तापावें, आणि तें घरांतील तरुणांनीं स्वतःच्या हातांनीं भरावें. यंदा थंडी पडूं लागली म्हणजे वाचकांनीं आपल्या घरीं एवढी व्यवस्था अवश्य करावी, अशी आमची विनंति आहे.